केनी डोरॅमचं ‘अलोन टुगेदर’ कसं ऐकावं: जॅझच्या दारात उभ्या असलेल्यांसाठी

ट्रम्पेट म्हटलं की आपल्या कानांत आधी वरातीतला बँड वाजू लागतो. त्याच्या पलीकडे गेलो तर जुनी हिंदी गाणी: सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातले चिक चॉकलेट आणि त्यांच्यासारखे गोव्याहून मुंबईत आलेले वादक. चमकदार, उसळणारा, सगळ्या मैफलीला हाक देणारा आवाज. मला तो आवाज फार आवडतो. पण त्यामुळे आपला कान ट्रम्पेटकडून एकच अपेक्षा ठेवायला शिकतो, आणि मग केनी डोरॅमसारखा अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक समोर आला की “हा जरा मवाळच वाजवतो” असं म्हणून आपण पुढे जातो.

जॅझ ऐकणाऱ्यांपैकीही कितीतरी जण असेच पुढे गेले आहेत. मायल्स डेव्हिस, चेट बेकर, क्लिफर्ड ब्राउन ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, डोरॅमचं नाव चौथं-पाचवंसुद्धा येत नाही. माझ्या मते हळुवार गाणं ट्रम्पेटवर त्याच्याइतक्या प्रामाणिकपणे वाजवणारे वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्याच्यापर्यंत पोचायला एकच गाणं पुरतं. ते जेमतेम तीन मिनिटांचं आहे. फक्त ते कोणत्या क्रमानं ऐकायचं हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हा लेख.

आधी जवळ काय असावं

- हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्याच्याशिवाय हे गाणं अर्धंच उरतं.
- गाणी ऐकण्याचं कुठलंही ॲप किंवा यूट्यूब.
- हार्मोनियम, कीबोर्ड किंवा मोबाइलवरचं पियानोचं ॲप. वाजवता येत नसलं तरी चालेल, तीन पट्ट्या एकत्र दाबता आल्या की झालं.
- कागद-पेन्सिल.
- रात्रीची निवांत वीस-पंचवीस मिनिटं.

पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येणं गरजेचं नाही.

१. नेमकं रेकॉर्डिंग शोधा

ही पायरी सोपी वाटते, पण बहुतेक जण इथेच भरकटतात. अल्बमचं नाव ‘क्वाएट केनी’. ध्वनिमुद्रण १३ नोव्हेंबर १९५९ चं, न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स इथे, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. प्रेस्टिज कंपनीच्या ‘न्यू जॅझ’ या लेबलवर तो निघाला. ट्रम्पेटवर डोरॅम, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर आर्ट टेलर. एवढेच चौघे. सॅक्सोफोन ऐकू आला तर तुम्ही दुसऱ्याच रेकॉर्डवर आहात.

शोधताना या गोष्टी सांभाळा:

- आडनाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये ‘एच’ येतो, जो उच्चारात जवळपास नाहीसाच होतो. डी-ओ-आर-एच-ए-एम असं टाइप करा. सुरुवातीच्या काही रेकॉर्डवर पहिलं नावही ‘किनी’ असं छापलेलं आहे. माणूस तोच.
- ‘अलोन टुगेदर’ नावाची शेकडो रेकॉर्डिंग आहेत, त्याच नावाचे अख्खे अल्बमही आहेत. म्हणून गाण्याच्या नावावरून शोधू नका, अल्बमच्या नावावरून जा.
- याच अल्बममधलं पहिलं गाणं ‘लोटस ब्लॉसम’ डोरॅमचं स्वतःचं आहे. बिली स्ट्रेहॉर्नची त्याच नावाची अत्यंत सुंदर रचना पूर्णपणे वेगळी आहे. डोरॅमच्याच ‘आफ्रो-क्यूबन’ (१९५५) अल्बमवर ‘लोटस फ्लॉवर’ आहे, तेही वेगळं. उलट सनी रॉलिन्सच्या ‘न्यूक्स टाइम’वर ‘एशियाटिक रेझ’ दिसलं तर ते मात्र हेच ‘लोटस ब्लॉसम’.
- पुढच्या काळातल्या आवृत्त्यांत शेवटी ‘मॅक द नाइफ’ जोडलेलं असतं. मूळ रेकॉर्डवर सातच गाणी होती आणि ती ‘ओल्ड फोक्स’वर संपत होती. पहिल्यांदा ऐकताना तिथेच थांबा.
- शफल बंद करा. ॲप मध्येच दुसऱ्या कुणाचा तरी ट्रम्पेट घुसवतं आणि मग कोण काय वाजवत होतं याचा पत्ता लागत नाही.

२. लगेच वाजवू नका, आधी गाणं ओळखीचं करा

अल्बम सापडला, आता तो बाजूला ठेवा. जॅझमधलं बॅलड म्हणजे संथ लयीतलं प्रेमगीत, आणि त्यातली बहुतेक मूळची नाटकांतली किंवा चित्रपटांतली गाणी आहेत. अमेरिकन श्रोता हे गाणं आधीच गुणगुणत आलेला असायचा. वादकानं एखादा स्वर किंचित लांबवला की त्याला ते चटकन जाणवायचं. नाट्यपद माहीत असलेल्या माणसाला गायकानं घेतलेली नवी जागा जशी लगेच कळते, तसंच. आपल्याला मूळ चालच माहीत नसेल तर वादकानं तिचं काय केलं हे कळणार कुठून?

‘अलोन टुगेदर’ १९३२ सालचं आहे, ब्रॉडवेवरच्या ‘फ्लाइंग कलर्स’ या संगीत-कार्यक्रमातलं. चाल आर्थर श्वॉर्ट्‌झची, शब्द हॉवर्ड डीट्‌झचे. श्वॉर्ट्‌झ मूळचा वकील, डीट्‌झ एमजीएम या चित्रपट कंपनीच्या प्रसिद्धी विभागाचा प्रमुख. गाण्याचा आशय असा की दोघं जण गर्दीपासून दूर, एकमेकांना धरून उभे आहेत. बाहेर पाऊस आहे, आकाशात तारे नाहीत, तरी सोबत आहोत तोवर भीती नाही. प्रेमगीत आहे, पण त्यात काळोख आहे. हे ध्यानात ठेवा, कारण डोरॅम दोन्ही वाजवतो.

शब्दांसकट ऐकायला ज्यूडी गारलंडचं १९६१ च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीतलं ध्वनिमुद्रण घ्या. ती गाणं थेट रंगमंचावरून प्रेक्षकांच्या अंगावर सोडते, आणि डोरॅमच्या अगदी उलट टोकाला उभी असलेली ही आवृत्ती आधी कानात बसली की पुढे फार फायदा होतो. दोन-तीनदा ऐका. चाल शीळ घालण्याइतकी पाठ झाली की पुढच्या पायरीवर या.

३. हार्मोनियमवर एक छोटा प्रयोग

ही पायरी गाळू नका. आपल्या संगीतात सा स्थिर असतो, तानपुरा तो धरून ठेवतो आणि सगळे स्वर त्याच्या नात्यानं कळतात. इथे तानपुरा नाही. पियानो आणि बेस खालची जमीन दर काही मात्रांनी बदलतात, आणि वरचा तोच स्वर कधी सुखी, कधी बेचैन वाटतो.

पांढरी दोनला सा धरा. सा, कोमल गंधार, पंचम या तीन पट्ट्या एकत्र दाबा. हा झाला डी मायनर. आता फक्त कोमल गंधार सोडून शुद्ध गंधार घ्या. हा डी मेजर. दोनचार वेळा आलटून पालटून दाबा. खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटेल.

श्वॉर्ट्‌झनं नेमकं हेच केलं आहे. गाणं साधारणतः डी मायनरमध्ये वाजवतात. पहिला भाग सगळा त्या कोमल गंधाराच्या छायेत चालतो आणि त्याच्या शेवटी अचानक मेजर येतो. दुसऱ्यांदाही तसंच. म्हणजे काळोखात उभं राहून धीर देणारे जे शब्द आहेत, तेच सुरांतही आहे. हे एकदा हातानं दाबून पाहिलं की ऐकताना शोधावं लागत नाही, आपोआप कळतं.

कुणी वादक डी मायनर सोडून वेगळी पट्टी घेईल, तिथे मायनर-मेजरचं नातं मात्र तेच राहतं. आणि तुम्ही स्वतः ट्रम्पेट शिकत असाल तर बी-फ्लॅट ट्रम्पेटवर हे गाणं तुम्हाला एक पूर्ण स्वर वर, म्हणजे ई मायनरमध्ये वाचावं लागेल.

४. पहिलं श्रवण: फक्त ट्रम्पेट

आता दिवा मंद करा, हेडफोन लावा, ‘क्वाएट केनी’तलं ‘अलोन टुगेदर’ सुरू करा.

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे: सोलो, म्हणजे वादकानं चालीपलीकडे स्वतः केलेला विस्तार, कधी येतो याची वाट पाहू नका. या गाण्यात तो येतच नाही. डोरॅम चाल एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतो आणि गाणं संपतं. चार्ली पार्करच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या संचात, वाजवलेला, भन्नाट वेगातही हव्या त्या स्वरावर बोट ठेवणारा हा माणूस. त्यानं इथे ठरवलं की चालच पुरेशी आहे. ख्याल ऐकणाऱ्यांना आलाप-तानांची सवय असते, त्यांना हे अपुरं वाटू शकतं. अपुरं नाही. सगळा विस्तार प्रत्येक स्वराच्या आत आहे. तो कसा ऐकायचा ते सांगतो.

स्वराची सुरुवात ऐका. ट्रम्पेटवादक जिभेच्या टोकानं हवा अडवून सोडतो, त्यामुळे स्वराला धार येते. डोरॅम ती धार घासून बोथट करतो. स्वर आला हे कळतं, कधी आला ते कळत नाही.

स्वराचा शेवट ऐका. तो स्वर कापत नाही आणि शेवटपर्यंत ओढतही नाही. मध्येच हलकेच हात सोडतो. काही ठिकाणी कंप अगदी शेवटी येतो, बोलता बोलता आवाज जरासा हलावा तसा.

मग उशीर ऐका. चालीतले स्वर ठोक्यावर नेमके पडत नाहीत, थोडे मागे रेंगाळतात. ज्यूडी गारलंडची आवृत्ती आधी ऐकलेली असेल तर हा फरक स्पष्ट कळेल.

आणि शेवटी दोन ओळींमधली जागा. तिथे तो एखादा छोटा वळसा घेतो, पुढच्या ओळीकडे नेणारा. मला या जागा सगळ्यात जास्त आवडतात, कारण बुद्धी आणि माया दोन्ही तिथे एकदम दिसतात.

हळू वाजवतो म्हणजे सोपं वाजवतो असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ट्रम्पेटला तीन पिस्टन असतात, बाकी सगळं ओठ आणि श्वास करतात. जोरात फुंकताना हवेचा दाब ओठांची थरथर सांभाळून घेतो. हळू, लांब स्वरात हवा कमी, थरथर तशीच हवी, आणि जरा चूक झाली तर स्वर फाटतो किंवा विरून जातो. संथ बॅलडमध्ये लपायला जागा नसते. डोरॅमचा आवाज चकचकीत नाही, थोडा कोरडा, मातकट आहे, पण त्याचा गाभा कुठेही ढळत नाही.

५. दुसरं श्रवण: मागचे तिघे

आता ट्रम्पेट कानाच्या कडेला ठेवा.

याच तिघांनी, फ्लॅनगन, चेंबर्स आणि टेलर यांनी, त्याच वर्षी मे महिन्यात जॉन कोल्ट्रेनबरोबर ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केलं होतं. जॅझमधल्या सर्वांत दमछाक करणाऱ्या रचनांपैकी एक, भरधाव वेगात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर, हार्मोनियमवर दाबलेल्या त्या तीन पट्ट्यांसारखे) बदलत जाणारी. सहा महिन्यांनी तेच हात इथे आहेत. हवं तर आधी ते ऐका आणि लगेच हे. संयम म्हणजे काय हे मला या दोन रेकॉर्ड एकापाठोपाठ ऐकून जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशानं कळलं नाही.

फ्लॅनगन ट्रम्पेटच्या ओळीवर बोलत नाही, ती संपली की एखादं वाक्य टाकतो. चांगला हार्मोनियमवाला गायकाला साथ करतो त्याच जातीची ही अदब आहे. चेंबर्सचा बेस ऐकताना त्याच्या स्वरांची लांबी ऐका, किती वेळ तो स्वर जिवंत ठेवतो ते. ड्रम्सवर लक्ष द्या पण ठोके शोधू नका. बॅलडमध्ये ड्रमर काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतो आणि कातड्यावर ते फिरवत राहतो.

६. तिसरं श्रवण: कागद-पेन्सिल घेऊन

गाण्याचा आराखडा असा: १४ बार, पुन्हा १४ बार, मग ८ बारचा मधला भाग, शेवटी ८ बार. एकूण ४४. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. हा आराखडा विचित्र आहे. बहुतेक गाणी ३२ बारची असतात, आठ-आठच्या चार समान तुकड्यांची. इथे पहिला भाग आठावर थांबत नाही, आणखी सहा बार पुढे जातो, आणि शेवटचा भाग तेवढा पसरत नाही, लवकर आवरतो.

बोटांवर मोजत कागदावर रेघा ओढा. चुकलात तर पुन्हा सुरू करा. मधला भाग ओळखायची खूण म्हणजे चाल तिथे नव्या ठिकाणाहून निघते आणि थोडी मोकळी होते. संथ लयीत ४४ बार एकदा वाजले की तीन मिनिटं भरतात, म्हणून सोलोला जागा नव्हती हेही इथे उलगडेल.

छापील स्वरलेखनात शेवट सहसा मायनरवर असतो, म्हणजे दोनदा आलेला उजेड शेवटी परत जातो. हे चौघे शेवटाला काय करतात ते मी सांगत नाही. हार्मोनियमवरचा प्रयोग केला असेल तर तुम्ही स्वतः ओळखाल.

७. चेट बेकरशेजारी ठेवून पाहा

तुलना करायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. चेट बेकरचा ‘चेट’ हा अल्बम डिसेंबर १९५८ आणि जानेवारी १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्याची सुरुवातच ‘अलोन टुगेदर’नं होते. पियानोवर बिल इव्हान्स, आणि बेसवर पुन्हा पॉल चेंबर्स. म्हणजे एकाच वर्षाच्या अंतरात, एकाच बेसवादकाबरोबर, दोन हळुवार ट्रम्पेटवादकांनी एकच गाणं वाजवलं.

बेकरची आवृत्ती दुपटीहून लांब आहे, तिच्यात सोलो आहेत, बाकीची वाद्यंही आहेत. त्याचा स्वर कुजबुजीसारखा, हवेनं भरलेला. ऐकणारा लगेच विरघळतो. डोरॅम तसं विरघळू देत नाही. त्याच्या स्वराला कणा आहे, आणि दुःख सांगताना तो तुमच्याकडे बघत नाही. मला दोघेही प्रिय आहेत, पण वारंवार परतून जावंसं वाटतं ते डोरॅमकडे. तुमचा कौल वेगळा पडला तरी हरकत नाही, तुलना मात्र एकाच बैठकीत करा, आठवडाभराच्या अंतरानं नको.

८. हा माणूस मागे का राहिला

चरित्र आधी वाचू नका, या टप्प्यावर वाचा. आधी वाचलं तर कान सहानुभूतीनं ऐकतात.

मॅकिन्ली हॉवर्ड डोरॅम, जन्म ३० ऑगस्ट १९२४, टेक्सासमधल्या फेअरफील्डजवळ. बिली एकस्टाइन, डिझी गिलेस्पी यांच्या मोठ्या बँडमधून वर आला. १९४८ च्या अखेरीस चार्ली पार्करच्या पंचकात मायल्स डेव्हिसची जागा घेतली आणि १९४९ च्या पॅरिसच्या जॅझ महोत्सवात पार्करबरोबर वाजवलं. आर्ट ब्लेकी आणि होरेस सिल्व्हर यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’चा तो सुरुवातीचा ट्रम्पेटवादक. १९५६ च्या जूनमध्ये क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला, आणि मॅक्स रोचच्या संचातली त्याची जागा भरायला डोरॅमला बोलावलं गेलं.

बघा, एकदा मायल्सच्या जागी, एकदा ब्राउनच्या जागी. दोन्ही वेळा लोक गेलेल्याची आठवण काढत होते. साठच्या दशकात ली मॉर्गन आणि फ्रेडी हबर्ड आले, तरुण आणि तेजस्वी, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. डोरॅमनं पोटासाठी संगीताबाहेरच्या नोकऱ्या केल्या, न्यूयॉर्क विद्यापीठात शिकला, ‘डाउनबीट’ मासिकात रेकॉर्डची परीक्षणं लिहिली. मूत्रपिंडाच्या आजारानं ५ डिसेंबर १९७२ ला तो गेला तेव्हा अवघा ४८ वर्षांचा होता. नेता म्हणून त्याचा शेवटचा अल्बम ‘ट्रॉम्पेटा टोकाटा’ १९६४ चा. मधली आठ वर्षं त्याच्या नावानं एकही रेकॉर्ड नाही, हे मला अजूनही खुपतं.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. डोरॅम गायचा. १९५८ मध्ये त्यानं ‘धिस इज द मोमेंट’ नावाचा, गाऊन आणि वाजवून केलेला अल्बम काढला. गायक म्हणून तो मोठा नाही. पण ‘अलोन टुगेदर’मध्ये ओळी शब्दांप्रमाणे श्वास घेतात, त्याचं मूळ तिथे सापडतं.

९. इथून पुढे कुठे जायचं

त्याच अल्बमवर ‘माय आयडियल’ ऐका. १९३० च्या ‘प्लेबॉय ऑफ पॅरिस’ या चित्रपटातलं हे गाणं अवघ्या १६ बारचं. मनातली व्यक्ती कुठेतरी असेल, ती समोरून गेली तर मला ओळखता येईल का, असा त्याचा भाव. इथे चालीनंतर डोरॅम स्वतःचं सांगायला लागतो, त्यामुळे बॅलडमधली उपज समजून घ्यायला उत्तम. चाल छोटी असल्यानं आवर्तन कुठे सुरू झालं हे हरवत नाही. त्यानंतर ‘ओल्ड फोक्स’.

मग ‘व्हिसल स्टॉप’ (१९६१). सगळ्या रचना त्याच्याच, वेग जास्त, आणि शेवटी मिनिटाभराचं ‘डोरॅम्स एपिटाफ’. नंतर ‘ऊना मास’ (१९६३), जिथे हर्बी हॅन्कॉक आणि किशोरवयीन टोनी विल्यम्स त्याच्याबरोबर आहेत. कॅफे बोहेमियातल्या १९५६ च्या मैफलीची रेकॉर्ड शोधताना जपा. तिच्या नावात ‘राउंड अबाउट मिडनाइट’ आहे आणि मायल्स डेव्हिसच्या प्रसिद्ध अल्बमचं नावही तेच असल्यामुळे शोधयंत्र तुम्हाला हमखास तिकडे नेतं.

गिटार किंवा कीबोर्ड शिकत असाल तर ‘ब्लू बोसा’ तुम्हाला कधी ना कधी शिकवलं जाईलच, जॅझच्या वर्गांत ते पहिल्या काही धड्यांतच येतं. ते डोरॅमनं लिहिलं आहे. पहिल्यांदा आलं जो हेंडरसनच्या ‘पेज वन’ (१९६३) वर, आणि ट्रम्पेटवर तोच आहे. नुसत्या कॉर्ड पाठ करण्याआधी ते मूळ रेकॉर्डिंग ऐका.

तबकडी विकत घ्यायची असेल तर ‘क्वाएट केनी’च्या १९५९-६० च्या मूळ प्रतीच्या मागे लागू नका. संग्राहकांमुळे तिची किंमत आवाक्याबाहेर गेली आहे. नवीन छपाईची प्रत घ्या, खरेदीआधी मूळ टेपवरून केली आहे का ते विक्रेत्याला विचारा, आणि घरी आणल्यावर आधी पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लावा. ‘अलोन टुगेदर’ तिथे आहे.